मापाच्या वहीतलं माझं पान

आधी आपाचं सांगते, माझं नंतर. वडशाला रेल्वे स्टेशनच्या मागच्या गल्लीत एक शिंप्याचं दुकान होतं. पुढच्या बाजूला मास्तर बसायचे आणि आत, पडद्याच्या पलीकडे, बायकांचे कपडे शिवायला त्यांची बायको. तिला सगळी गल्ली आपा म्हणायची, मीही आपाच म्हणत आले. तिचं माझं ना नातं, ना जात, ना गाव. घरात बोलायची भाषासुद्धा वेगळी. पण आज मी बसून हे लिहिते आहे ते तिच्या एका वहीमुळे. तिनं माझं माप घेतलं, लिहून ठेवलं आणि वेळ आली तेव्हा त्या मापावर विश्वास ठेवला. बाकीचं डॉक्टरांनी केलं, सलाईननं केलं, कुणा अनोळखी माणसाच्या रक्तानं केलं. त्यांचेही उपकार आहेतच. पण पहिलं नाव लिहायचं तर आपाचं, आणि नाव लिहायचं नाही असं तिनंच बजावलंय. म्हणून नुसतं आपा.

माझं गाव सिरोंच्याच्या अंगाला, प्राणहितेच्या काठावर. घरी तेलुगू, शाळेत मराठी. वडील, म्हणजे आमच्या घरी नान्ना, नदीत जाळं टाकायचे आणि अम्मा मासे घेऊन बाजाराला बसायची. भावंडं लहानपणापासून पाण्यात. मी पाण्यात उतरले की दोन दिवसांनी माझे हातपाय धरायचे. हाडाच्या आत कुणी ओलं फडकं पिळतंय असं दुखायचं. डोळे पिवळे व्हायचे. कावीळ म्हणून पाला झाला, गळ्यात माळ झाली. मग एकदा शाळेत रक्त तपासायला गाडी आली आणि कळलं की मला सिकलसेल आहे. तिथल्या डॉक्टरांनी नान्नांना समजेल असं सांगितलं. रक्तातले गोल कण हिच्यात विळ्यासारखे वाकतात, वाकले की अडकतात, अडकले की दुखतं. पाणी भरपूर पाजा, थंड पाण्यात उतरू देऊ नका. आणि ताप आला तर वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं.

मी मुळातच भित्री. त्या दिवसापासून मी तापाची वाट बघत बसले.

पण ताप काही येईना. अम्मा ताप बघायची ती गळ्याखाली हाताची उलटी बाजू लावून, आणि माझा गळा तिला नेहमी गारच लागायचा. मी कण्हत पडलेली असले तरी गार. नान्ना हसायचे, म्हणायचे, हिला टोपलीत ठेवली तर बर्फ लागायचा नाही. मीही हसायची. पण भीती असायचीच. ताप आला की धाव म्हणालेत, आणि माझा ताप हाताला लागतच नसेल तर कुणाला कळणार कसं?

सातवीपर्यंत शाळा झाली. पुढची शाळा लांब होती. महिन्यातले आठ-दहा दिवस मी अंथरुणात, मग नाव निघालं. त्याचं दुःख मला अजून आहे, पण तो वेगळा विषय.

एकोणिसाव्या वर्षी मी वडशाला आले. आलापल्ली, गडचिरोली, आरमोरी असं करत दिवसभर एसटीत. माझी मोठी बहीण, अक्का, तिथं दिलेली होती. दाजी धानाच्या गिरणीत कामाला. अक्काचं म्हणणं होतं की गाव मोठं आहे, दवाखाना आहे, आणि बसून करायचं काम मिळेल. तसं मिळालंही. आपाला हातशिलाईला कुणीतरी हवं होतं. पायाची मशीन मला जमली नाही. अर्ध्या तासात पोटऱ्या दुखायला लागायच्या. मग आपानं मला काज, बटण, हूक आणि तुरपाई दिली.

"मशीन तं कोणीबी चालवते," ती म्हणाली. "तुह्या हातचा टाका बारीक हाय. तू बसून खाय."

अक्काच्या सासूला मात्र माझा आजार पटत नव्हता. वाईट नव्हती ती. पण तिनं जन्मभर चिखलात वाकून धानाची रोवणी केलेली. "बापा! हे पोट्टी उभ्या-उभ्या थकते," असं ती शेजारणीला सांगायची, मला ऐकू जाईल इतक्या आवाजात. "हात लावून पाह्यलं तं आंग थंड. अन् म्हणते, मले बरं नाई वाटून राह्यलं. असा कोणता बिमारीचा प्रकार असते वो?"

मलाच कधीकधी वाटायचं, आपण ढोंग तर करत नाही ना?

पावसाळ्यात एके दिवशी दुकानात खालून कात्री उचलून उभी राहिले आणि डोळ्यांपुढं काळं झालं. शुद्धीवर आले तेव्हा समोरच्या दवाखान्यातला कंपौंडर माझ्या दंडाला पट्टा बांधत होता. एकदा डावा दंड झाला, एकदा उजवा, पुन्हा डावा.

"चौऱ्याऐंशी," तो म्हणाला. "खालचा तं लागूनच नाई राह्यला. आपा, एक तं माह्यी मशीन बिघडली, नाईतं हे पोट्टी."

आपानं विचारलं, "हिचं नेहमीचं किती असते?"

"नेहमीचं एकशेवीस-ऐंशी असते ना."

"थे सगळ्याइचं झालं, भाऊ. मी हिचं इचारून राह्यली."

कंपौंडर माझ्याकडे बघायला लागला आणि मी आपाकडे. हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलाच नव्हता. माझं नेहमीचं किती, हे माझं मलाच माहीत नव्हतं.

"घ्या," आपा म्हणाली. "माप नाई माहीत, अन् म्हणते फिटिंग चुकलं."

आता त्या वहीबद्दल सांगायला हवं. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही होती ती. एका पानाला एक गिऱ्हाईक. वर खूण म्हणून त्याच्या कपड्याचा कतरा टाचणीनं लावलेला आणि खाली छाती, कंबर, खांदा, बाही. मास्तरांचं मोठं काम नाटकांचं. वडशाला थंडीत झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची गर्दी होते. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात आणि राजाचा अंगरखा, खलनायकाचा कोट, नाचणारीचा घागरा असलं सगळं शिवायला यायचं. ती मापंही त्याच वहीत. आणि त्या दुकानाचा एक नेम होता. पान फाडायचं नाही. गिऱ्हाईक रुसून दुसऱ्या शिंप्याकडे गेलं तरी पान राहू द्यायचं. माणूस वारल्याचं कळलं तरच मास्तर ते पान काढायचे, घडी करायचे आणि वैनगंगेवर गेले की पाण्यात सोडून यायचे. "जिते आदमी का पन्ना नहीं निकालते," एवढंच ते सांगायचे.

तर त्या वहीत आपानं माझं पान उघडलं. वर हिरव्या मखमलीचा कतरा लावला. छाती-कंबर काही नाही, दोन रकाने पाडले. एकात ताप, दुसऱ्यात बीपी. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी आतल्या पाटावर बसायची. आपाकडे मुलांच्या वेळचं काचेचं थर्मामीटर होतं. ते झटकून ती माझ्या जिभेखाली द्यायची आणि घड्याळाकडे बघत चूप बसायची. तेवढा वेळ मलाही बोलता यायचं नाही. दिवसभरातली तेवढीच शांत वेळ. बीपी दर शनिवारी. कंपौंडरच्या पँटी आपा उसवून-दाबून द्यायची, त्यामुळे तो नाही म्हणू शकत नव्हता.

"आज काय शिवता आपा हिच्यासाठी, कोट?" असं तो विचारायचा.

"तुमचं तोंड शिवतो," आपा म्हणायची.

पहिले काही आठवडे मी घाबरून गेले. सकाळी शहाण्णव, शहाण्णव पॉइंट चार. संध्याकाळी कधीतरी सत्त्याण्णव. बीपी शहाऐंशी, नव्वद, अठ्ठ्याऐंशी. थर्मामीटरवर साडेअठ्ठ्याण्णवच्या जवळ एक लाल बाण असतो. माझा पारा त्या बाणापर्यंत कधीच पोचायचा नाही. मी रडवेली होऊन विचारलं, आपा, मी इतकी कमी का?

ती तेव्हा ब्लाऊजची बाही उलटी करत होती. वर न बघता म्हणाली, "थो बाण रेडिमेड कपड्यासारखा असते. सगळ्याइले येते अन् कोणालेच बराबर बसत नाई. तुह्यं माप शहाण्णव. बस. त्यात रडाचं काय हाय?"

हळूहळू भीती कमी झाली. उठताना एकदम उठायचं नाही, आधी बसायचं, मग पाय खाली सोडायचे, मग उभं राहायचं, हे अंगवळणी पडलं. ताकात मीठ घालून प्यायची. रोज तेच आकडे दिसायला लागले की बरं वाटायचं. ओळखीचं माणूस रोज त्याच वेळी गल्लीतून जावं तसं.

पौष महिना असेल. कामाचा अगदी कळस. एका कंपनीचा राजाचा अंगरखा चार दिवसांत द्यायचा होता आणि अंगरखा कापायच्या आधी त्याच्या गळ्याच्या सुट्या पट्टीवर चमकीच्या टिकल्या लावायचं काम माझ्याकडे होतं. आपा आदल्या दिवशी भावाच्या घरी, ब्रह्मपुरीला गेलेली. त्या सकाळी मी एकटीनंच थर्मामीटर लावलं. काढून उजेडात धरलं आणि बघतच राहिले. पारा बरोबर लाल बाणावर.

मला काय आनंद झाला ते आता सांगायला लाज वाटते. मला वाटलं, आपण बरे झालो. जन्मात पहिल्यांदा मी सगळ्यांसारखी. मी तो आकडा वहीत शाईनं लिहिला, भोवती गोल काढला आणि पडद्याबाहेर तोंड काढून मास्तरांना सांगितलं, "मास्तर, आज मी नॉर्मल!"

मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यातूनच ते म्हणाले, "मुबारक."

मी पट्टीवर टिकल्या लावायला बसले. हात गरम होते. एरवी थंडीत माझी बोटं वाकायची नाहीत, त्या दिवशी सुई भराभर चालत होती. दहाच्या सुमाराला अक्काची सासू झंपर टाकायला आली. माझ्या हातातून टाचणी घेताना तिचा हात लागला. "अगो बाई," ती म्हणाली, "आज तं पोट्टी माणसासारखी गरम लागून राह्यली!" आम्ही दोघी हसलो. दुपारी कापरं भरलं, ते मी थंडीवर घातलं. डाव्या बरगडीत श्वास घेताना टोचायला लागलं, ते वाकून बसल्यामुळे असेल म्हटलं. पुन्हा पारा बघितला तर नव्व्याण्णवच्या थोडा वर. थोडंच वर आहे, म्हटलं. इतकी वर्षं ज्या तापाची भीती बाळगली तो दारातून आत आला, माझ्याशेजारी बसला, आणि मी त्याला पाहुणा समजले.

तीनच्या गाडीनं आपा आली. सवयीनं आधी वही बघितली, अंगावरची चादरही काढली नव्हती.

"हे कोणी लिहिलं?"

"मी. आपा, मी नॉर्मल झाले."

"कोणाचं नॉर्मल?" तिचं बोट त्या रकान्यावरून खालून वर जात होतं. "पाच महिन्यांत हे पान सकाळचं सत्त्याण्णवच्या वर गेलं का एकडाव तरी? दोन इंचाचा फरक पडला तं बाई झंपर तोंडावर फेकते. अन् तू दोन डिग्री वर चढली, अन् गोल काढत बसली?"

ती माझ्यावर पहिल्यांदा ओरडली तेव्हा. मग मास्तरांना म्हणाली, रिक्षा बोलवा.

सरकारी दवाखान्यात ही रांग. डॉक्टर तरुण होते, सकाळपासून बसून दमलेले. त्यांनी थर्मामीटर लावलं. "नव्व्याण्णव पॉइंट चार. हा काही फार ताप नाही बाई. थंडी आहे, कणकण असते. गोळी देतो." बीपी घेतलं तर वरचा बहात्तर. त्यांनी भुवया उंचावल्या, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अंगात रक्तच नाही हिच्या. बारीक मुलींचं कमीच असतं."

मी म्हटलं, मला सिकलसेल आहे. त्यांनी कागद मागितला. कागद होता सिरोंच्याकडे, आमच्या घरी, पत्र्याच्या पेटीत. मला बोलायलाही दम लागत होता, आणि ढोंगी म्हणतील ही भीती अजून होतीच. मी गोळी घेऊन उठणार होते. खरंच उठणार होते.

आपानं वही त्यांच्या टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी मधूनच कुठलंतरी पान उघडलं. "राजा, छाती बेचाळीस," त्यांनी वाचलं आणि हसले. "हे काय आणलंत?"

"पुढं जा साहेब. हिरवा कतरा हाय, थे पान."

ते हिरव्या कतऱ्यापाशी आले. आधी उभ्यानं वाचत होते, मग खुर्चीत बसले. बोट ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, शेवटी तो माझा शाईचा गोल. मग त्यांनी पुन्हा बीपी घेतलं, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग सिस्टरला हाक मारली. त्या हाकेवरून मला कळलं की आता माझं खरं मानलं.

सलाईन लागलं, इंजेक्शन झालं. जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायला जीप आली. डॉक्टर म्हणाले, "हे पान फाडून द्या, तिकडे दाखवावं लागेल."

"पान नाई फाडत साहेब," आपा म्हणाली. "जिती हाय थे. आख्खी वहीच घेऊन जा."

अक्का सोबत आली. वही माझ्या पायाशी. गडचिरोलीला फुफ्फुसात पाणी निघालं, रक्त चढवावं लागलं. पहिले तीन दिवस मला धड आठवत नाहीत. मोठे डॉक्टर राऊंडला आले की आधी ती लाल वही मागायचे आणि त्यातच पुढचे आकडे लिहायचे. माझा ताप शहाण्णववर आला तेव्हाच त्यांनी उतरला म्हटलं. सिस्टर तर रिकाम्या वेळी बाकीची पानं वाचायच्या. "अगं, हा खलनायक केवढा? कंबर पन्नास!" असं म्हणून एक सिस्टर इतकी हसली की मलाही हसू आलं आणि बरगडीत कळ आली.

अकरा दिवसांनी मी परत आले. वही आपाच्या हातात दिली, तिनं ती फळीवर ठेवली, बस. मधल्या दिवसांत दुकानात काय झालं ते तिनं सांगितलं नाही. मास्तरांनी सांगितलं, तेही आठवड्यानंतर, आपा पाणी भरायला गेलेली असताना.

ऐन सीझनचे अकरा दिवस त्यांच्याकडे एकही माप नव्हतं. सगळं त्या वहीत, आणि वही माझ्या खाटेवर. माणसं गावोगाव नाटकात, बोलावून माप घ्यायचं तर येणार कोण? मास्तरांनी आठवणीवर शिवलं. राजाचा अंगरखा छातीला कमी पडला. भर दरबारात राजानं हात वर केला आणि बगलेपासून कमरेपर्यंत शिवण उसवली. "पब्लिक को लगा कॉमेडी पार्ट है," मास्तर म्हणाले. स्वतः हसले नाहीत. त्या कंपनीनं दुसरा शिंपी धरला. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक होतं ते.

मी आपाला विचारलं, मला का नाही सांगितलं? पान फाडून दिलं असतं तर एवढं झालं नसतं.

"तुह्या पानामागं खलनायकाचं माप होतं," ती म्हणाली. "थो तं मोठा जाडा हाय. त्याचं पान फाडून कसं चालन?" आणि हातातला झंपर माझ्याकडे टाकला. "हूक लाव."

अक्काची सासू त्यानंतर मला हात लावून बघायची आणि गार लागले की खुशीत म्हणायची, "थंड हाय. चांगली हाय."

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी ऊर्जानगर या वीज केंद्राच्या वसाहतीजवळ एका खोलीत राहते, क्वार्टरमधल्या बायकांचे फॉल-बिडिंग आणि झंपर अल्टर करते. दुखणं आहेच. ते जायचं नाही. पण माझी स्वतःची लाल वही आहे. कुठल्याही नव्या डॉक्टरांकडे गेले की आधी वही टेबलावर ठेवते, मग तोंड उघडते. काही डॉक्टर हसतात, हसू देत. माझं शहाण्णव आहे आणि नव्वद-साठ आहे, हे सांगताना आता माझा आवाज कापत नाही. भीती गेली असं नाही म्हणणार. तिला बसायला जागा मिळाली आहे, एवढंच.

गेल्या महिन्यात बूथवरून वडशाला फोन केला. मास्तर म्हणाले, आपाचं डोकं दुखतं, चक्कर येते, कंपौंडरनं एकदा जबरदस्तीनं बीपी घेतलं तर फार वर होतं. पुन्हा मोजायला तयार नाही. मागून तिचा आवाज आला, "मले काय झालं? पोरीले कायले घाबरवून राह्यले?"

आणि माझ्या लक्षात आलं. त्या वहीत अख्ख्या गल्लीची पानं होती, राजाचं होतं, खलनायकाचं होतं, माझं होतं. आपाचं पान नव्हतं. ती स्वतःचे झंपर अंदाजानं कापायची, उरलेल्या कापडातून.

आपा, माझ्या वहीत मी एक पान तुझ्यासाठी सोडलंय. वर त्याच हिरव्या मखमलीचा कतरा लावलाय, माझ्याकडे थोडा राहिला होता. दोन रकाने पाडलेत. कधी ते आज सांगता येत नाही, थंडी ओसरायला हवी, प्रवासाला अंगात बळ हवं. पण मी येईन, आणि अकरा दिवस राहीन. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तुला त्याच पाटावर बसवीन, तुझ्या दंडाला पट्टा बांधीन, तू कितीही शिव्या दिल्या तरी. आकडे मी लिहीन. आणि ते पान माझ्या हातानं मी कधी फाडणार नाही.